रॉक, मेटल आणि शिपायाची मान

आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात रॉक संगीताला परवानगी आहे आणि मेटल संगीताला नाही. मेटल वाजवायचं असेल तर कचरा डेपोच्या मागचं मैदान उपलब्ध आहे. तिथे विजेची सोय अर्जदाराने स्वतः करायची असते, आणि वाऱ्याची दिशा नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही. नियम इतका सुटसुटीत आहे की त्याच्यावर कुणी नाक मुरडण्याचं कारण नाही.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. आकाशातून नव्हे, पण वरून पडला तो गिलावा. सभागृहात एक शोकसभा चालू असताना छताचा मोठा तुकडा खाली आला. बोलणाऱ्याच्या डोक्यावर न पडता तो शेजारच्या फुलदाणीवर पडला, त्यामुळे शोकसभा ठरल्यापेक्षा बरीच लांबली. लगेच चौकशी समिती बसली. बांधकाम विभागाने ते छत वर्षानुवर्षं शिडी लावून पाहिलेलं नव्हतं, पण समितीत बांधकाम विभागाचेच लोक असल्यामुळे त्या दिशेला त्यांना काही आढळलं नाही. आढळलं ते असं, की आधीच्या महिन्यात त्याच सभागृहात एका बँडने मेटल वाजवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं गावातले लोक म्हणाले. लोकांना म्हणायला काय जातं? या संन्याशाच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार होती, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

नियम झाला म्हणून तो राबवायला कक्ष झाला. ध्वनी वर्गीकरण कक्ष. मी त्याचा प्रमुख. त्याआधी मी जन्म-मृत्यू नोंदणीत होतो. तिथे दोनच प्रकार, आणि आलेलं प्रकरण कोणत्या प्रकारात बसतं हे बहुधा आणणाऱ्याला ठाऊक असतं. इथे बुद्धीला वाव होता. कक्षात मी, टायपिस्ट बाई आणि एक शिपाई असे तिघं, आणि जिन्याखालची एक खोली. कितीतरी महिने कुणी फिरकलंच नाही. शहरात वर्गीकरण करण्याजोगा आवाज उरलाच नाही की काय, अशी मला धास्ती वाटू लागली होती. आणि एके दिवशी पहिले अर्जदार आले, ते नेमके माझे मेहुणे.

मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि चेहरा शांत ठेवायचा, हा त्यांचा धंदा. संध्याकाळी स्कूलच्या गॅरेजमध्ये ते ड्रम वाजवतात. बँडमध्ये आणखी तिघं आहेत. गाणाऱ्या बाई दंतवैद्य, गिटार वाजवणारा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि बेसवाल्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. कॉलेजपासून चौघं एकत्र. इतक्या वर्षांत त्यांनी गॅरेजच्या बाहेर एकदाच वाजवलं, एका दुकानाच्या उद्घाटनाला. ते दुकान पुढे बंद पडलं. त्याचा आणि बँडचा संबंध नाही, असं मेहुणे आवर्जून सांगतात.

त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टा होता.

"दाजी, सभागृह पाहिजे. एकच संध्याकाळ," ते खुर्चीवर टेकत म्हणाले. "मनगटातली शीर दबलीय. ऑपरेशन करायचं ठरलंय महिनाअखेरीला. डॉक्टर म्हणतात, नंतर स्टिअरिंग धरता येईल, पण ड्रमच्या काठ्या विसरा. म्हटलं त्याआधी एकदा खऱ्या स्टेजवर वाजवून घ्यावं. लोकांसमोर. मग कापा काय कापायचं ते."

मला वाईट वाटलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची हकिकत ऐकून लोकांचा माझ्याबद्दल गैरसमज होतो. वाईट वाटलं म्हणूनच मी क्षणाचाही विलंब न लावता विचारलं, "रॉक की मेटल?"

"म्हणजे?"

"तुम्ही जे वाजवता ते."

"आम्ही आमचं वाजवतो की."

"'आमचं' असा प्रकार नाही, दादा."

मेहुण्यांनी डोकं खाजवलं. "काही गाणी अशी आहेत, काही तशी. एक तर निम्मं असं आणि निम्मं तसं आहे. चौघांनी मिळून बसवलंय, तेच आमचं खास."

मी सुस्कारा सोडला. निम्मं असं आणि निम्मं तसं. प्रशासनाचा सगळ्यात जुना शत्रू तो हाच. सरळ गुन्हा करणारा माणूस परवडला, त्याचं कलम तरी ठरलेलं असतं.

घरी गेल्यावर बायकोने पाण्याच्या पेल्याआधी प्रश्न पुढे केला. "दादाचं काम झालं?"

"प्रक्रियेत आहे."

"एक सही करायची त्यात कसली आलीय प्रक्रिया? तुमचा भाऊ असता तर केली असतीत."

"माझ्या भावाला शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली आणि आत गेली. बायकांच्या बोलण्यातला तर्क मला पुष्कळदा उशिरा कळतो, आणि कळल्यावर उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी मी तज्ज्ञ बोलावले. नातेवाइकाचं प्रकरण असल्यामुळे काम दुप्पट चोख व्हायला हवं होतं. शहरात या विषयातले दोन अधिकारी पुरुष होते. एकाचे केस कमरेपर्यंत होते आणि तो विमा विकायचा. दुसऱ्याला एकही केस नव्हता आणि तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. दोघांनीही काळे टी-शर्ट घातले होते आणि दोघांच्या टी-शर्टवर वाळलेल्या झाडाच्या मुळ्यांसारखं काहीतरी लिहिलेलं होतं. ते बँडचं नाव असतं, आणि ते वाचता आलं तर तो बँड हलका समजतात, असं मला नंतर कळलं. आमच्या खात्याच्या परिपत्रकांमागेही साधारण हीच भूमिका असते, म्हणून मला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली.

"मला दोन वाक्यांत सांगा," मी म्हणालो. "रॉक आणि मेटल यांत फरक काय?"

"सोपं आहे," केसवाला म्हणाला. "रॉक तुमच्याबरोबर चालतं. मेटल तुमच्यावर चाल करून येतं."

"बकवास," टकलूने टेबलावर हात आपटला. "फरक गिटारच्या आवाजात आहे. रॉकमध्ये आवाज कडेला फाटतो. मेटलमध्ये अख्खा फाटतो, आणि मग त्या फाटलेल्याचीच भिंत बांधतात."

"मग हार्ड रॉक?"

"ती सीमारेषा," दोघं एकदम म्हणाले. सीमारेषेवर कोण उभं आहे असं मी विचारल्यावर मात्र दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. शिपायाने मध्ये टेबल सरकवलं म्हणून बरं.

शांत झाल्यावर त्यांनी मला पोटप्रकार सांगायला सुरुवात केली. टायपिस्ट बाई लिहून घेत होत्या.

"डूम म्हणजे हळू. इतकं हळू, की पुढचा ठोका येईपर्यंत माणसाला आपली सगळी पापं आठवतात."

"थ्रॅश म्हणजे वेगवान आणि चिडलेलं."

"डेथमध्ये गायक घशाच्या तळातून गुरगुरतो. ब्लॅकमध्ये किंचाळतो."

"पॉवरमध्ये तलवारी असतात, ड्रॅगन असतो, गायकाचा आवाज छताला टेकतो आणि शेवटी न्यायाचा विजय होतो."

"छताला टेकतो," असं मी टायपिस्ट बाईंना अधोरेखित करायला सांगितलं.

"प्रोग्रेसिव्ह म्हणजे ज्याच्या मात्रा मोजता मोजता ऐकणारा गाणं ऐकायचं विसरतो ते."

"आणि पंक?"

"ते आमच्यात येत नाही," केसवाला तुच्छतेने म्हणाला. "तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि व्यवस्थेचा निषेध."

"कोणत्या व्यवस्थेचा?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या," टकलू म्हणाला.

"मग ग्रंज?"

"तोच निषेध, पण अंथरुणातून उठायचा कंटाळा."

संध्याकाळपर्यंत आमच्याकडे इतके पोटप्रकार जमले की ते ठेवायला जिन्याखालची खोली पुरेना. वरच्या मजल्यावर एक मोठी खोली रिकामी होती, ती मी मागून घेतली. मेहुण्यांच्या बँडचं त्या दिवशी काही ठरलं नाही, पण कक्षाला खिडकी मिळाली. काम हळूहळूच पुढे सरकतं.

खरं घोडं अडलं ते त्या निम्म्या-निम्म्या गाण्यापाशी. ते संथ सुरू होतं आणि मध्येच वेग घेतं, एवढं मेहुण्यांनी अर्जात लिहिलं होतं. पूर्वार्ध रॉक धरावा आणि उत्तरार्ध मेटल, असा मी मध्यममार्ग काढला. पूर्वार्ध सभागृहात वाजवायचा, मग बँडने वाद्यांसह आणि श्रोत्यांसह बसमध्ये बसायचं आणि उत्तरार्ध कचरा डेपोमागच्या मैदानावर पुरा करायचा. मी परिवहन विभागाला पत्र पाठवलं. परिवहन विभागाने विचारलं, दोन भागांमध्ये गाण्यात वेळ किती आहे? मी दंतवैद्य बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एक श्वास." परिवहन विभागाने उलट टपाली कळवलं, की एका श्वासात बस येईल अशी हमी देता येत नाही. इतकं प्रामाणिक पत्र त्या विभागाकडून मी पहिल्यांदाच पाहिलं.

दंतवैद्य बाई मात्र तणतणत कक्षात आल्या.

"अहो साहेब, दात किडलाय की नाही हे मी तोंडात डोकावून बघते. तुम्ही पेशंटला दाराबाहेर उभं करून दाढेचे पोटप्रकार काय पाडत बसलाय?"

"बाई, डोकावलं की मत बनतं. मत बनलं की निःपक्षपातीपणा गेला."

"अहो, पण त्यांची करंगळी आता हलेनाशी झालीय. काल काठी दोनदा हातातून सुटली त्यांच्या."

"त्याची नोंद घेतली आहे," मी म्हणालो, आणि खरोखरच घेतली. करंगळी हा मुद्दा कोणत्याही पोटप्रकाराच्या व्याख्येत येत नव्हता, तरी घेतली.

तोडगा शेवटी तज्ज्ञांच्याच भांडणातून निघाला. दोघांचं जगात एकाच गोष्टीवर एकमत होतं: रॉक ऐकताना माणसाचा पाय हलतो आणि मेटल ऐकताना मान. मी खुर्चीतून उठलोच. मत नाही, आवडनिवड नाही, मोजता येईल असा निकष! प्रश्न एवढाच होता, की मान कुणाची घ्यायची. केसवाल्याची मान केसांत दिसत नव्हती. टकलूची मान तरुणपणी इतकी हलवून झाली होती की ती आता कुठल्याच बाजूला वळत नसे. माझी मान अधिकाऱ्याची, ती सहसा वाकत नाही. टायपिस्ट बाईंनी मान द्यायला साफ नकार दिला. राहता राहिला शिपाई. स्थायी समितीने ठराव करून त्याच्या मानेला प्रमाणित मान म्हणून मान्यता दिली.

चाचणी अगदी शास्त्रशुद्ध झाली. शिपायाला खिडकीशी खुर्चीवर बसवलं. मेहुण्यांनी बँडचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर आणलं होतं, ते लावलं. आमचं मत बनू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी कानांत कापूस घातला. टकलूने शाळेतून मोठा कोनमापक आणला होता, तो धरून तो शिपायाच्या खांद्यामागे उभा राहिला. आणि मान हलली! खाली, वर, खाली, वर, संथ, दमदार. मेहुण्यांचा चेहरा पडला. मेटल. पार मैदानावरचं मेटल.

मी निकाल सांगायला सुरुवात केली तेवढ्यात टायपिस्ट बाईंनी कानांतला कापूस काढला. "साहेब, मघाशी तुम्ही त्याला खिडकी लाव म्हणालात, तेव्हाही त्याची मान अशीच हलली होती."

आम्ही पडताळा घेतला. मोबाइल बंद करून मी शिपायाला म्हणालो, "आज मंगळवार आहे." मान हलली. वार शुक्रवार होता. "तुझी रजा नामंजूर." मान हलली. केसवाल्याने त्याला विम्याची एक योजना सांगितली, तर ती संपेपर्यंत मान हलतच राहिली. इतक्या वर्षांच्या सेवेत त्या मानेला दुसरी दिशाच माहीत नव्हती. समोर कुणी बोलायला लागलं की ती खाली जायची, श्वास घ्यायला थांबलं की वर यायची.

साध्या माणसाने इथे चाचणी चुकली असं म्हटलं असतं. पण चाचणीला स्थायी समितीची मान्यता होती, त्यामुळे ती चुकणं शक्य नव्हतं. मग निष्कर्ष एकच उरतो: ज्या ज्या आवाजाला मान हलते तो तो आवाज मेटल. नगराध्यक्षांनी सभागृहात पाणीपुरवठ्यावर भाषण केलं तेव्हा मी शिपायाला पहिल्या रांगेत बसवलं. मान इतक्या वेगाने हलली की टकलूला कोन मोजता येईना. नगराध्यक्षांचं भाषण थ्रॅशमध्ये गेलं, आणि नियमानुसार त्यांचं पुढचं भाषण कचरा डेपोमागच्या मैदानावर ठेवण्याचं पत्र मी त्यांच्या दालनात पोचतं केलं.

त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"मी थ्रॅश?" ते म्हणाले.

"मान तसं म्हणते, साहेब."

त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. "थ्रॅशमध्ये काही सौम्य प्रकार नाही का?"

तो क्षण आमच्या कक्षाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. मी 'प्रशासकीय थ्रॅश' हा नवा पोटप्रकार सुचवला आणि त्याला सभागृहाची मुभा दिली. नगराध्यक्ष खूश झाले. मग काय, रांगच लागली. शोकसभावाल्यांना डूममधून सूट हवी होती, त्यांना 'कौटुंबिक डूम' दिला. शाळेच्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापिका माइकवर किंचाळतात, म्हणून त्या ब्लॅकमध्ये जात होत्या. त्यांच्यासाठी 'शैक्षणिक ब्लॅक' काढला. लिलाव करणारा, बसस्टँडवर घोषणा देणारी बाई, वाहनांचे हॉर्न, सगळ्यांचे पोटप्रकार झाले. कक्षाचा विभाग झाला. मला स्वतंत्र दालन मिळालं, दालनाला पडदे मिळाले. शिपायाच्या मानेची मागणी इतकी वाढली की तिला विश्रांतीचे तास ठरवून द्यावे लागले.

या सगळ्यात सभागृहातून बाहेर राहिलं ते फक्त संगीत. पण त्याचं प्रकरण आमच्याकडे सगळ्यात जुनं होतं, आणि जुन्या प्रकरणांत घाई करून चालत नाही.

मेहुणे रोज यायचे. आधी सकाळी यायचे, मग डाव्या हाताने गाडी चालवून यायला लागले म्हणून दुपार व्हायची. बसायचे, शिपाई चहा आणायचा, पेला ते डाव्या हातात घ्यायचे.

"दाजी, ऑपरेशन आठवड्यावर आलंय."

"पुढे ढकलता येणार नाही?"

"डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर बोटंच जातील. नोटासुद्धा मोजता येणार नाहीत." त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "मैदान तर मैदान, दाजी. कचऱ्यामागे तर कचऱ्यामागे. आम्ही मेटल आहोत असं लिहा आणि सोडा."

मला गलबलून आलं. पण मी म्हणालो, "दादा, तुम्ही म्हणता म्हणून तुम्ही मेटल होत नाही. आता प्रकार अर्जदाराने ठरवायचा नसतो. जाहीर हरकती मागवाव्या लागतील."

जाहीर सुनावणी ठेवली. मला वाटलं होतं, दोन-चार रिकामटेकडे येतील. पण शहरातले सगळे मेटलवाले काळे कपडे घालून दुसऱ्या मजल्यावर हजर. माझी समजूत होती, ही मंडळी मेहुण्यांच्या बाजूने भांडतील. व्यवस्थेवर चिडलेली माणसं ती, त्यांचाच एक भाऊबंद व्यवस्थेत अडकलेला. आणि पाहतो तर काय, त्यांच्यापुढे आमचा कक्ष म्हणजे मायेचा पाझर.

डूमवाल्यांचा नेता उठला. अंत्यसंस्काराला आल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला, "यांचं गाणं मध्येच वेग घेतं. खरा डूमवाला मेला तरी वेग घेणार नाही."

थ्रॅशवाला म्हणाला, "यांना वेग घ्यायला निम्मं गाणं लागतं. आमच्यात तेवढ्यात गाणं संपतं."

डेथवाल्यांची हरकत अशी होती की गाणाऱ्या बाई दंतवैद्य आहेत, म्हणजे लोकांना बरं करतात. पॉवरवाल्यांना गाण्यात ड्रॅगन नसल्याचं कळलं होतं. एका काळ्या झग्यातल्या तरुणाने बँडचा फोटो वर धरला आणि ओरडला, "हे बघा! ड्रमर हसतोय! वाजवताना हसतो म्हणजे हा खोटा आहे!"

मेहुणे शेवटच्या रांगेत बसले होते. "अहो, मजा येते म्हणून हसतो," ते म्हणाले.

केसवाला आणि टकलू, एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं, एकदम उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "ऐकलंत? मजा येते म्हणतो!" मग जो गोंधळ झाला तो आवरायला पोलीस बोलवावे लागले. त्यांच्या शिट्टीचं वर्गीकरण तेवढं राहून गेलं.

सुनावणीचा वृत्तान्त, त्यावर तज्ज्ञांचे दोन परस्परविरोधी अभिप्राय, त्या दोन्हींवर माझा शेरा, स्थायी समितीची मंजुरी असं करत करत शेवटी निकाल लागला. मीच कागदावर सही केली. कक्षाच्या पहिल्या अर्जाचा निकाल होता तो, आणि घरच्या माणसाचा. टपालाने न पाठवता मी स्वतः घेऊन निघालो. ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं, ते हॉस्पिटलात आहेत, ऑपरेशन काल झालं.

मेहुणे पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्ट्यांमध्ये. बायको शेजारच्या स्टुलावर बसून त्यांना संत्र्याची फोड सोलून देत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दादा, निकाल आणलाय," मी म्हणालो.

"आता कशाला?"

"तुम्ही नाही तर दुसरा कुणी वाजवेल. अर्थात ड्रमर बदलला की बँडचा आवाज बदलतो, म्हणजे नव्याने वर्गीकरण करून घ्यावं लागेल. पण आता आम्हाला अनुभव आहे. पुढच्या वेळी इतका उशीर नाही व्हायचा."

त्यांनी कागद घेतला नाही. डाव्या हाताने घेता आला असता. ते म्हणाले, "दाजी, एक विचारू? एवढ्या सगळ्यांत आमचं वाजवणं ऐकलं कुणी?"

मी आठवून पाहिलं. तज्ज्ञ वाद घालत होते. चाचणीच्या वेळी आमच्या कानांत कापूस होता. हरकतवाले फोटो बघून आले होते.

"शिपायाने ऐकलं," मी म्हणालो.

ते एकदम सरळ बसले. "काय म्हणाला? कसं वाटलं त्याला?"

"ते त्याला कुणी विचारलेलं नाही, दादा. तो निकष नव्हता."

मेहुणे पुन्हा उशीला टेकले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बायको म्हणाली, "तुम्ही जा आता." एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर मला संताप आला. मेहुण्यांचा नाही, बायकोचा नाही. तुमचा आला. इथवर वाचत आलात आणि वाटेत आम्हाला मनसोक्त हसलात. हसा. पण मेहुण्यांच्या बँडचं ते गाणं कशावर आहे, दंतवैद्य बाईंचा आवाज कसा आहे, तो एक श्वास घेऊन वेग पकडल्यावर काय होतं, यातलं एक अक्षर मी तुम्हाला सांगितलेलं नाही. मला माहीतच नाही. तुमचं कुठे काही अडलं? एकदा तरी विचारलंत, की बाबा, वाजवतात कसे ते? तुम्हीसुद्धा पहिल्या ओळीपासून एकाच गोष्टीवर डोळा ठेवून बसला होतात. तो हात आता वाजवणार नाही हे कळल्यावरही तुम्हाला हवंय ते निकालाचंच.

घ्या तर. सगळ्या मेटलवाल्यांनी झिडकारलं, आणि रॉकवाल्यांपैकी कुणी हरकत घ्यायला आलं नाही, कारण त्यांची आता वयं झालीत आणि सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती. त्यामुळे निकाल रॉक असा लागला.

बरं वाटलं ना?